दस्तक, परवाना, पारपत्र

पारपत्राच्या आरंभी छापलेला मजकूर बहुतेकांनी कधी वाचलेला नसतो. छायाचित्राचे पान सगळे पाहतात, व्हिसाचे शिक्के कौतुकाने दाखवले जातात; पण त्या चार ओळींकडे लक्ष जात नाही. वास्तविक साहित्याच्या अभ्यासकाने तिथेच थोडे थांबायला हवे. भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे, ज्यांचा ज्यांचा संबंध येईल अशा सर्वांना तिथे विनंतीही केलेली आहे आणि आज्ञाही: की या पुस्तिकेच्या धारकास विनाअडथळा जाऊ द्यावे आणि त्याला लागेल ते साहाय्य व संरक्षण द्यावे. परक्या राज्याला आज्ञा करता येत नाही, म्हणून विनंती. आणि नुसती विनंती केली तर राज्याचा रुबाब उरत नाही, म्हणून आज्ञा. एका वाक्यात दोन विसंगत क्रियापदे जोडून बसलेला हा मजकूर म्हणजे खरे तर एक पत्र आहे. ते धारकाविषयी आहे, धारकाला उद्देशून नाही. ते तो फक्त जवळ बाळगतो.

हा मजकूर युरोपातील राजांच्या पत्रांतून इंग्रजांमार्फत आपल्याकडे आला. ‘हा आमचा माणूस आहे, याला जाऊ द्या’ असे सांगणारे ते पत्र. भारतीय भूमीवर मात्र प्रवासाच्या कागदाचा इतिहास या वाक्याशी फारसा जुळत नाही. इथे तो कागद पुष्कळदा उलट प्रश्न घेऊन आला: तुला जायला सांगितले कोणी? पत्राची भाषा संरक्षणाची आणि व्यवहार अडवणुकीचा, हा अंतर्विरोध आपल्या पारपत्राला जन्मापासून चिकटलेला आहे. तो कसा चिकटला आणि किती प्रमाणात सुटला, हे पाहण्याचा इथे प्रयत्न आहे.

आरंभ कौटिल्यापासून करण्याची प्रथा आहे आणि इथे ती मोडण्याचे कारण नाही. ‘अर्थशास्त्रा’च्या दुसऱ्या अधिकरणात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. एक माषक घेऊन त्याने मुद्रा द्यायची; जवळ मुद्रा असेल त्यानेच जनपदात यायचे किंवा जनपदाबाहेर जायचे. जनपदातला माणूस मुद्रेवाचून सापडला तर बारा पण दंड, खोटी मुद्रा बाळगली तर त्याहून अधिक, आणि हा अपराध परक्याने केला तर सर्वांत जबर. मुद्रा तपासायचे काम कुरणांवर देखरेख करणाऱ्या विवीताध्यक्षाकडे. गावांमधल्या मोकळ्या रानात चोर आणि हेर फिरतात, तेव्हा तपासणीही तिथेच व्हावी, हा त्यामागचा हिशेब. प्रत्यक्षात ही व्यवस्था किती चालली हे ग्रंथावरून ठरवता येत नाही. शास्त्रग्रंथ आदर्श सांगतो, वृत्तान्त सांगत नाही. पण कल्पना पुरती तयार आहे: शुल्क, शिक्का, तपासनीस, दंड. पत्राचा मात्र मागमूसही नाही. मुद्रा कुणाला विनंती करीत नाही.

समुद्रावर ही कल्पना पोर्तुगीजांनी आणली आणि तिला नाव दिले ‘कार्ताझ’. सोळाव्या शतकात हिंदी महासागरात फिरणाऱ्या देशी गलबतांना पोर्तुगीजांचा हा परवाना घ्यावा लागे. त्यात तांडेल कोण, माणसे किती, माल कोणता, जाणार कुठे, हे सारे नमूद असे, आणि ठरलेल्या पोर्तुगीज बंदराला लागून जकात भरण्याचे बंधन असे. कार्ताझ नसलेले गलबत लुटायला किंवा बुडवायला मोकळीक. अकबराच्या काळात हजला निघालेल्या जहाजांनाही तो घ्यावा लागत असे, आणि त्यावर येशू-मरियमेची चित्रे असत. असा कागद घेतल्याशिवाय समुद्रमार्ग खुला होत नसेल तर हजचे कर्तव्यच उरत नाही, असा फतवा दरबारातील मखदूम-उल-मुल्क यांनी काढल्याचे बदायुनीच्या इतिहासात नोंदलेले आहे. प्रवासाच्या कागदामुळे धर्मशास्त्रात पेच पडल्याचे इतके जुने उदाहरण आपल्याकडे दुसरे क्वचितच सापडेल.

अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर हेच केले. आमच्या पाण्यातून जायचे तर आमचे दस्तक घ्या, ही त्यांची मागणी. इंग्रजांनी तिला चाचेगिरी म्हटले. पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे केले ते सार्वभौमत्व आणि मराठ्यांच्या सरखेलाने केले तर दरोडा! १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवीत परतले, हे आपण शाळेत वाचलेले असते. पण त्या वैराचे एक मूळ दस्तकात होते, हे पाठ्यपुस्तकाच्या त्या धड्यात सहसा सापडत नाही.

दस्तक हा शब्दही पाहण्याजोगा आहे. फारसीत ‘दस्त’ म्हणजे हात. जुन्या मराठी कागदपत्रांत माल वा माणूस सोडण्याचा लेखी हुकूम या अर्थाने दस्तक येते, आणि त्याच्या शेजारी राहदारी, परवाना हे त्याचे सगेसोयरे. बंगालमध्ये या शब्दाने राज्येच उलथवली. १७१७ च्या फर्रुखसियरच्या फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीला जकातमाफीची सवलत मिळाली. कंपनीच्या अधिकाऱ्याच्या सहीचे दस्तक दाखवले की चौकीवर माल अडायचा नाही. कंपनीचे नोकर ते स्वतःच्या खाजगी व्यापाराला वापरू लागले, पुढे देशी व्यापाऱ्यांना विकूही लागले. मीर कासिमने वैतागून १७६३ मध्ये सर्वांचीच जकात माफ करून टाकली. सर्वांनाच वाट मोकळी झाल्यावर दस्तकाला किंमत काय उरणार? कंपनीला ते परवडणारे नव्हते. पुढच्या वर्षी बक्सारची लढाई झाली.

एकोणिसाव्या शतकात मात्र चित्र दुभंगते. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्या काळी अमेरिकेत उतरायला पारपत्र लागत नसे. त्यांना परवानगी हवी होती ती समाजाची. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी जे इंग्रजी भाषण केले, ते या दृष्टीने वाचले तर परवान्यासाठी केलेल्या अर्जासारखे दिसते; फरक इतकाच, की अर्जदार बाईने अर्ज फेटाळला गेला तरी आपण जाणार, हे आधीच सांगून टाकले होते. समुद्र ओलांडून परतणाऱ्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे, आणि ते घेतल्याचा दाखला हाच त्या काळच्या उच्चवर्णीय मराठी माणसाचा प्रवेश-परवाना होता.

त्याच समुद्रावरून, त्याच काळात, दुसरेही लोक जात होते आणि त्यांच्या अंगाखांद्यावर कागदच कागद होते. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय एकट्या मॉरिशस बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी, सातारा भागातले मराठी भाषकही होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणेशोत्सव करतात. गिरमिटाने जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद होई: नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची, शरीरावरील खूण. नावापेक्षा क्रमांक महत्त्वाचा. करार संपलेल्या ‘जुन्या’ मजुरालाही मोकळे फिरता येत नसे. १८६७ च्या मॉरिशसमधील कायद्याने त्याच्याजवळ छायाचित्र लावलेला दाखला असणे सक्तीचे केले. तो नसला तर भटक्या म्हणून अटक.

ब्रिटिश पारपत्रावर छायाचित्र चिकटवण्याची सक्ती आली ती पहिल्या महायुद्धाच्या वेळी. म्हणजे लंडनच्या सभ्य गृहस्थाला आपला चेहरा कागदावर चिकटवावा लागला, त्याच्या सुमारे अर्धशतक आधी मॉरिशसच्या मळ्यावरचा भारतीय मजूर आपला फोटो खिशात बाळगून फिरत होता, आणि त्याचे पैसेही स्वतःच भरत होता. ते फोटो मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात जपलेले आहेत. कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारे, हसू नसलेले ते चेहरे ओळखीचे वाटतात. पारपत्राच्या फोटोत आजही हसायला मनाई असते.

बोटांच्या ठशांची गोष्टही अशीच. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर सहीऐवजी पंजाचा ठसा घेतला. पुढे कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांचे वर्गीकरण बसवले आणि ते त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेले. दस्तक शब्दातला हात असा अक्षरशः कागदावर उमटला. हेन्री १९०० मध्ये पोलीसव्यवस्था लावण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत पाठवले गेले, आणि सहा वर्षांनी ट्रान्सवालमध्ये प्रत्येक आशियाई माणसाने दहा बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी, दाखला सदैव जवळ बाळगावा, असा फतवा निघाला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात त्याविरुद्ध शपथ घेतली गेली. सत्याग्रहाचा जन्म त्या सभेत झाला असे आपण म्हणतो. पण तो एका ओळखपत्राच्या विरोधात झाला, याची आठवण फारशी ठेवत नाही.

गांधींची भूमिका साधी ‘ठसे देणार नाही’ अशी नव्हती, हे लक्षात घ्यायला हवे. जानेवारी १९०८ मध्ये तडजोड झाल्यावर त्यांनी स्वेच्छेने ठसे दिले, आणि त्यासाठी जाताना स्वकीयाच्याच हातचा मार खाल्ला. त्यांचा आक्षेप सक्तीला होता. सक्तीचा कायदा मागे घेतला जात नाही असे दिसल्यावर १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत दोन हजारांहून अधिक दाखले जाळण्यात आले. मागितल्याने दिलेली ओळख आणि हिसकावून घेतलेली ओळख यांत त्यांनी केलेला भेद पुढच्या चर्चेत फार क्वचित कुणी इतक्या नेमकेपणाने केला आहे.

कॅनडाला त्याच वर्षी वेगळी युक्ती सुचली. भारतीय मजूर नकोत. पण ते ब्रिटिश प्रजाजन, तेव्हा वंशाचे नाव घेऊन अडवणे अडचणीचे. म्हणून १९०८ मध्ये नियम केला, की मायदेशाहून अखंड प्रवास करून येणाऱ्यालाच उतरता येईल. भारतातून थेट जाणारे जहाजच नव्हते! १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ हे जपानी जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोहोचले. बहुतेक पंजाबी शीख. दोन महिने ते बंदरात अडकून पडले आणि २३ जुलैला परत फिरवण्यात आले. सप्टेंबरअखेर कलकत्त्याजवळ बजबजला उतरल्यावर पोलिसांच्या गोळीबारात त्यांतील अनेकजण मारले गेले. साम्राज्याचे प्रजाजन साम्राज्याच्याच दारातून हाकलले गेले. या पेचातून सुटायचे तर माणसाला उतरताना नव्हे, निघतानाच अडवले पाहिजे, हा विचार याच काळात पक्का होत गेला, आणि निघताना अडवण्याचे हत्यार म्हणजे पारपत्र. महायुद्धात भारत संरक्षण कायद्याच्या आधाराने केलेल्या नियमांनी ते हत्यार सरकारच्या हाती आले.

त्याचा प्रत्यय मराठी माणसाला लवकरच आला. १९१८ च्या मार्चअखेर लोकमान्य टिळक होमरूलचे शिष्टमंडळ घेऊन विलायतेला निघाले, न. चिं. केळकर, दादासाहेब खापर्डे, बिपिनचंद्र पाल हेही बरोबर होते. मंडळी कोलंबोपर्यंत पोहोचली आणि तिथे कळले, की लंडनहून त्यांची पारपत्रे रद्द झाली आहेत. आरोप नाही, सुनावणी नाही, शिक्षा नाही. नुसता कागद मागे घेतला. त्याच वर्षी पुढे चिरोल खटल्यासाठी टिळकांना जाता आले, पण राजकारणापासून दूर राहण्याच्या अटीवर. ज्या सरकारला टिळकांना मंडालेला धाडण्यासाठी खटला उभा करावा लागला होता, त्याला त्यांना कोलंबोला थांबवायला एक तार पुरली.

युद्ध संपले, पारपत्र गेले नाही. १९२० च्या ऑक्टोबरात राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवली. ३२ पानांच्या पुस्तिकेचा नमुना तिथे ठरला, जो थोड्याफार फरकाने आजही आपल्या हातात आहे. भारतातही त्याच वर्षी देशात येणाऱ्यांसाठी पारपत्र कायदा झाला. तो किती चिवट निघाला पाहा: १ सप्टेंबर २०२५ रोजी नवा कायदा लागू होईपर्यंत, एकशेपाच वर्षे, तो टिकून होता.

फाळणीने या कागदाला आणखी एक काम दिले. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. कराची ही मुंबईच्या माणसाला सुरत-अहमदाबादसारखीच, आणि नारायण जगन्नाथ वैद्यांच्या नावाची शाळा तिथे आजही उभी आहे. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट लागू झाले आणि १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पारपत्र. नातेवाइकांना भेटायला गेलेल्या अनेकांना परतताना कळले, की ते आता ‘तिकडचे’ आहेत. माणसे तीच, आगबोटही तीच. कागदाने त्यांना परके केले.

नवलाची गोष्ट अशी, की स्वतंत्र भारतात वीस वर्षे पारपत्र कोणाला द्यावे यासंबंधी कायदाच नव्हता. सरकारच्या मर्जीवर ते मिळे. सतवंतसिंग साहनी या व्यावसायिकाला पारपत्र परत करण्यास सांगण्यात आले तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १० एप्रिल १९६७ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय झाला. सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्यासह बहुमताने म्हटले, की परदेशी जाणे हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीवाचून तो हिरावता येणार नाही. न्या. हिदायतुल्ला यांनी वेगळे मत दिले: पारपत्र हा राज्याचा दस्तऐवज आहे, तो मागण्याचा हक्क असू शकत नाही. मला हे भिन्नमत वाचनीय वाटते, कारण ते पारपत्राच्या पहिल्या पानावरच्या भाषेशी प्रामाणिक आहे. पत्र जर राष्ट्रपतींचे, तर ते लिहावे की नाही हे पत्रलेखकाने ठरवावे. बहुमताने मात्र व्यवहार पाहिला: हे पत्र नसेल तर विमान कंपनी तिकीट देत नाही, मग ते निव्वळ पत्र कसे? जूनमध्ये संसदेने पारपत्र कायदा केला.

त्या कायद्यात सार्वजनिक हितासाठी पारपत्र जप्त करण्याची सोय होतीच. जुलै १९७७ मध्ये मनेका गांधी यांना सात दिवसांत पारपत्र जमा करण्यास सांगण्यात आले. कारण विचारले तर, ते सांगणे सार्वजनिक हिताचे नाही, असे उत्तर. आणीबाणीत नागरिकांचे हक्क गोठवल्याबद्दल ज्यांच्यावर टीका झाली त्या घराण्याच्या सुनेने, आणीबाणी हटवून आलेल्या सरकारविरुद्ध, स्वातंत्र्याचा सर्वांत दूरगामी खटला लढवावा, हा इतिहासाचा मिश्कीलपणा. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात सात न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले, की कायद्याने पद्धत घालून दिली एवढे पुरत नाही. ती पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, आणि ज्याचे पारपत्र काढून घ्यायचे त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. टिळकांच्या कोलंबोच्या तारेला हे साठ वर्षांनी मिळालेले उत्तर होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. पुढे आरोग्य, निवारा, पर्यावरण असे कितीतरी हक्क या निकालाच्या खांद्यावर उभे राहिले. मनेका गांधींचे पारपत्र परत करण्याचा थेट आदेश मात्र न्यायालयाने दिला नाही. त्यांची बाजू ऐकून घेण्याच्या सरकारच्या आश्वासनावर प्रकरण मिटले.

हक्क सिद्ध झाला म्हणून सगळ्यांचे पारपत्र सारखे झाले असे नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानंतर कमी शिकलेल्याच्या पारपत्रावर, त्याच्या जाण्याची सरकारी तपासणी आवश्यक आहे, असा शेरा येऊ लागला. आखाती देशांत कामाला जायचे तर आधी ती पार पाडायची. हेतू फसवणूक टाळण्याचा, आणि दलालांचे प्रताप पाहता तो खोटा म्हणता येणार नाही. गिरमिटाचे अधिकारीही मात्र आपला हेतू हाच सांगत. दहावी उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण यांच्यातील रेषा पारपत्रावर उमटावी, हे आपल्यासारख्या परीक्षा घेणाऱ्यांना विशेष टोचायला हवे. जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशा लोकांना नारिंगी रंगाचे पारपत्र देण्याचे जाहीर केले. म्हणजे जगातल्या कोणत्याही विमानतळावर, पान उघडण्याआधीच, नुसत्या वेष्टनावरून कळावे की हा माणूस शिकलेला नाही! टीका इतकी झाली, की तीन आठवड्यांच्या आत निर्णय मागे घ्यावा लागला. शेरा राहिला, रंग टळला.

देशातल्या देशात फिरायला कागद लागू नये, असे संविधानाचे अनुच्छेद १९ वाचणाऱ्याला वाटेल. एस.टी.त तो लागत नाही. विमानतळाच्या दारात लागतो: मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, आधार, पारपत्र, काहीतरी चेहऱ्याचे हवेच, आणि त्यावरचे नाव तिकिटावरच्या नावाशी जुळायला हवे. मराठी नावांत वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये येते, लग्नानंतर कधी पहिलेही बदलते. एकाच बाईच्या चार कागदांवर तीन नावे सापडणे हा अपवाद नाही. डिसेंबर २०१६ मध्ये पारपत्राचे नियम सैल झाले, घटस्फोटितेला माजी पतीचे नाव देण्याची गरज उरली नाही, आणि साधूंना आईवडिलांच्या जागी गुरूचे नाव लिहिण्याची मुभा मिळाली. संन्याशाला ही सवलत मिळाली तेव्हा कुणाला नवल वाटले नाही, बाईला मिळाली तेव्हा बातमी झाली, हे मासलेवाईक आहे.

आणि देशांतर्गत विमानाने आयझॉलला उतरा: तिथे महाराष्ट्रातल्या माणसाला ओळखपत्राखेरीज इनर लाइन परमिट लागते. त्याचे मूळ १८७३ च्या ब्रिटिश विनियमात आहे. चहामळेवाले आणि व्यापारी डोंगरात शिरून भांडणे ओढवून घेऊ नयेत, हा तेव्हाचा उद्देश; आज तेच परमिट मिझो माणसाला आपल्या भूमीचे संरक्षण वाटते. साम्राज्याने स्वतःच्या सोयीसाठी आखलेली रेषा ज्यांच्याभोवती आखली त्यांनीच पुढे जिव्हाळ्याने जपावी, याचे याहून ठळक उदाहरण माझ्या माहितीत नाही. दिमापूरला ही अट २०१९ मध्ये लागू झाली, त्याच वर्षी ती मणिपूरलाही नेण्यात आली. म्हणजे दस्तक मागे पडत गेले, असा सरळ प्रवास हा इतिहास करीत नाही.

१ डिसेंबर २०२२ पासून दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीच्या विमानतळांवर ‘डिजी यात्रा’ सुरू झाली. पुढच्या वर्षी पुणेही त्यात आले. आधारवरून एकदा नोंदणी केली, की दारात कागद दाखवायचा नाही. कॅमेऱ्यापुढे क्षणभर उभे राहायचे, फाटक उघडते. ही सोय ऐच्छिक आहे असे सांगितले जाते. मराठीत मुद्रा या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मुद्राध्यक्ष देत असे ती एक मुद्रा, शिक्क्याची. आता तपासली जाते ती दुसरी.